एक दिवसाआड पेरणी

साखरा,
ता. ७ ऑगस्ट २०२४

अमीरबी,

मी बोलून राहिले अन् आमची नातसून पुनम लिहून राहिली. मला अक्षर येत न्हाई हे तुला ठावं, तुला येत न्हाई हे मला ठावं, म्हणून आपलं जमतं. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे कोरड्या विहिरीत ओरडायचं. मी विचारते, 'जेवलीस का?' तू म्हणतेस, 'शुक्रवारी.' कान गेले तुझे, त्याला विलाज न्हाई. त्यापरीस तुझा चाँद पाशा बांगड्यांची पेटी घेऊन सेनगावच्या बाजाराला आला की त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी, हे बरं.

एकच तकलीफ. चाँद पाशा सांगत होता, तुझी नात नाहिद तुझ्या कानाला तोंड लावून माझं पत्र वाचते तेव्हा सगळी गल्ली उंबऱ्यावर येऊन बसते. म्हणजे मागच्या खेपेला मी माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल जे बोलले, ते जवळा बाजारात सगळ्यांना पाठ असंल. आता जपून बोलते.

बातमी अशी, की मला टीबी झालाय. चैतापासून खोकला होता. आशाताई बेबीबाईनं एक डबी दिली अन् म्हणली, 'आजी, सकाळचा पहिला बेडका यात.' साऱ्या जन्मात मला कुणी डबी भेट दिली ती ही. दवाखान्यात काट्यावर उभी केली, छत्तीस किलो भरले. अर्धं पोतं सोयाबीन. आता सहा महिने रोज तीन गोळ्या, फुकट, एक दिवस चुकवायचा न्हाई. घरात लहान लेकरू आहे म्हणून पुनमच्या विशूलाबी औषध चालू केलंय. घरातलं सगळ्यात जुनं माणूस अन् सगळ्यात नवं माणूस, दोघं औषधावर. माझी वाकळ पडवीत आलीय अन् विशूला मांडीवर घ्यायचं न्हाई असा हुकूम आहे.

गोळ्यांनी काय काय होतं ते बेबीबाईनं समजावून सांगितलंय. मळमळतं, ते तुला सांगते. बाकीचं गल्लीसमोर वाचण्यासारखं न्हाई. भेटलीस की कानात सांगेन, म्हणजे ओरडूनच.

तुझी
नर्मदा


जवळा बाजार,
ता. २१ ऑगस्ट २०२४

नर्मदा बेहेन, सलाम.

तुझं पत्र ऐकलं. माझे कान आता गेले, तू तर कान असून कवा कुणाचं ऐकलंस? गोळ्या घे म्हणले की घे.

माझं बरं चाललंय. खोकला आहे, पण तो धुळीचा. आमच्या गल्लीतून सोयाबीनच्या गाड्या जातात. पहाटे अंगातले कपडे ओले होतात, तो पावसाळ्याचा उकाडा. चाँद पाशा बांगड्या लावत होता, तर म्हणला, 'अम्मी, तुझ्या हाताला अडीचचं माप होतं, आता सव्वादोनच्या बी ढिल्या होऊन राहिल्या.' मी म्हणले, माप तुझंच चुकलं. मणियाराच्या घरात आले तेव्हापासून एवढं कळतं मला.

इथं नाहिद लिहायची थांबली अन् माझ्याकडं डोळे वटारून बघून राहिली. म्हणते, दादी, तू बी तपासून घे. मी म्हणते नक्को. वसमतकडचं एक घर तिला विचारून राहिलंय. पोरगा नोमान, बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याची आई कवा बी येईल. ज्या घरातली म्हातारी डबीत थुंकते त्या घरातली पोरगी कोण करतं? लोक म्हातारीला बघत न्हाईत, पोरीला बघतात.

नाहिद म्हणते हे लिहिणार न्हाई. मी म्हणलं, लिही, नर्मदेला लपवायचं काय.

तू ईदीला आठ दिवस माझ्याकडं होतीस, एका वाकळेत झोपलो. दिवसभर बोललो अन् रातभर खोकलो. किती मजा आली.

तुझी
अमीरबी


साखरा,
ता. ४ सप्टेंबर २०२४

अमीरबी,

बांगडीचं माप ऐकलं. चाँद पाशाचं माप चुकत न्हाई, हे मला ठावं आहे. तुला बी ठावं आहे.

आठव, तू साखऱ्यात होतीस तेव्हा तीस वर्षं आपण एका पातीवर निंदलं, एका पातीवर कापूस वेचला. तुझी भाकर आली न्हाई तर माझी मोडायची, माझी आली न्हाई तर तुझी. अर्धी तुला, अर्धी मला. कुणाचा तुकडा मोठा हे कधी बघितलं न्हाई. जरा मी बघायची.

तर आता चाँद पाशासंगं फडक्यात बांधून वालाचं बी पाठवलंय. लालसर आहे, चांगल्या जातीचं, सरकारी. गाठ तूच सोड, नाहिदला त्रास देऊ नको. तीन-तीन बिया घ्यायच्या, सकाळी, अनशापोटी, पाण्यासंगं. एक दिवस तुझ्या वावरात पेरायचं, एक दिवस माझ्या. तू सम तारखेला पेर, मी विषम तारखेला पेरीन. दर पंधरा दिवसाला बी येत राहील. कुणाला बोलायचं न्हाई. आधी पीक येऊ दे, मग बोलू. तुझ्या दारात पाहुणे येतात म्हणून काळजी.

मला आता बरं वाटून राहिलं. खोकला निम्मा झाला. निम्म्यात माझं भागतं.

तुझी
नर्मदा

अमीरबी आजी, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. वाल अनशापोटी कसा पेरतात ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या माहेरी शेती नव्हती. आमची सहा एकर आहे. — पुनम


जवळा बाजार,
ता. २५ सप्टेंबर २०२४

नर्मदा बेहेन, सलाम.

बी पोचलं. दोन खेपा पोचल्या. पेरणी तू म्हणलीस तशीच, सम तारखेला. नाहिदला सांगितलं, परसात लावलंय. अजून उगवलं कसं न्हाई म्हणून ती दोनदा बघून आली.

धुळीचा खोकला जरा कमी आहे.

नर्मदे, नाहिदचं लग्न पक्कं करून राहिलो. नोमानच्या आईला निरोप धाडला, तारीख लवकरची काढा. पोरगी म्हणते, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे, परीक्षा होऊ दे. रोज एस.टी.नं वसमतला जाते, डबा नेते, मला सगळं दिसतं. पण मला आता घाई आहे. काहून ते विचारू नको. माणसानं आपल्या डोळ्यानं बघावं अन् मग जावं, एवढंच.

नाहिद हे लिहून राहिली अन् तिचं अक्षर वाकडं होऊन राहिलं. मी तिला म्हणलं, रडायचं तर रड, कागदावर नक्को.

तुला माझी एक विनंती आहे. मी न्हाई राहिले तर चाँद पाशाला वर्षातून एकदा बोलावून जेवू घाल. त्याला तुझ्या हातचं पिठलं लई आवडतं.

तुझी
अमीरबी


साखरा,
ता. १६ ऑक्टोबर २०२४

अमीरबी,

हे काय भलतंच? खोकला कमी होऊन राहिला अन् बाई मरणाच्या गोष्टी करून राहिली. नातीच्या लग्नाला एवढं हुरहुरायला होत असंल तर माझ्या नातवाच्या, भागवतच्या लग्नात तू माझी काहून थट्टा केलीस? मंडपात मी दोनदा रडले तर म्हणलीस, नर्मदा, वरपक्ष आहेस, जरा ऐट ठेव. आता तू ठेव. अन् चाँद पाशाला पिठलं मी आज बी घालते, त्यासाठी तू मरायची गरज न्हाई.

इथली खबर. दोन महिने झाले म्हणून पुन्हा डबी. बेडक्यात जंतू अजून आहेतच. सेनगावचा डॉक्टर कागद उलटापालटा करून बघत होता. म्हणला, 'आजी, गोळ्या बराबर घेता ना?' मी म्हणले, व्हय. बेबीबाई म्हणली, 'साहेब, रिकामी पाकिटं मी स्वतः मोजते.' ती खरंच मोजते. पाकिटं रिकामीच असतात. मी काही खोटं बोलले न्हाई.

वजन पस्तीस. एक किलो कुठं गेलं कुणास ठाव. पुनम घरी आली. विशूला उचलून माझ्यासमोरून आत नेलं. तिचं बराबर आहे. मी त्याला लांबून गाणं म्हणते, तो लांबून टाळ्या वाजवतो. परवा डॉक्टर आणखी एक तपासणी करणार आहे, औषध चालतं का न्हाई त्याची.

काळजी नको. यंदा पीक जरा मागास आहे, एवढंच. तुझ्या वावरातलं कसं आहे ते कळव.

तुझी
नर्मदा


जवळा बाजार,
३० ऑक्टोबर २०२४

आदरणीय नर्मदा आजी,

हे पत्र दादीने सांगितलेले नाही. मी, नाहिद, माझ्या मनाने लिहीत आहे.

काल सकाळी मोरीत मला लाल पाणी दिसले. मला वाटले रक्त. दादीला विचारले तर ती खाली बसली आणि म्हणाली, 'दोन महिने झाले बेटी. एक दिवस लाल जाते, एक दिवस नाही. आत काहीतरी फुटले आहे. म्हणून तुझे लग्न बघायचे होते.' दोन महिने तिने हे कोणाला सांगितले नव्हते. माझे लग्न, माझे कॉलेज सोडणे, सगळे त्या लाल पाण्यापायी चालले होते.

मी तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?' मी म्हणाले, नाहीत. त्या म्हणाल्या, 'त्या गोळ्यांनीच लघवी अशी लाल होते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. आजी, खरे सांगा.' दादीला ऐकू आले नाही. मी तिच्या कानात ओरडले. मग तिने ओढणीची गाठ सोडली. तुमचे वालाचे बी टेबलावर पडले.

आजी, मला तुमचा राग आला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्ध्या औषधाने जंतू मरत नाही, तो औषधाला ओळखायला शिकतो. मग पुढे पूर्ण औषध दिले तरी त्याच्यावर चालत नाही. तुम्ही दादीला अर्धे जगवायला गेलात आणि दोघींना धोक्यात घातले. आणि घाबरवले ते वेगळेच. लाल होते एवढे तरी कळवायचे.

दादीची तपासणी झाली आहे. निकाल आल्यावर कळवीन. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना सगळे खरे सांगा. नाही सांगितले तर मी स्वतः एस.टी.ने सेनगावला येऊन सांगेन.

आपली,
नाहिद


साखरा,
ता. ६ नोव्हेंबर २०२४

नाहिद बेटी,

तुझं पत्र पुनमनं मला वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबली, माझ्याकडं बघितलं अन् पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद ठेवून गोठ्यात गेली. म्हशीला पाणी पाजून आली अन् म्हणली, 'वाल.' एवढंच. आता लिहायला बसलीय, पण शब्दाला शब्द मोजून.

तू रागावलीस ते बराबर आहे. मी उलट बोलणार न्हाई, ही माझ्या आयुष्यातली दुसरी वेळ.

बेबीबाईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आजी, लाल होईल, भिऊ नका. ते मी अमीरबीला कळवलं न्हाई. काहून, तर पत्र गल्लीत वाचलं जातं. त्यात असलं कसं लिहायचं, म्हणून लाज वाटली. म्हाताऱ्या बाईला लाज कशाची, पण वाटली. एवढं मोठं पत्र, त्यात नवऱ्याचं घोरणं सांगितलं, भाकर सांगितली, एक गोष्ट गल्लीला लाजून गाळली अन् नेमकी तीच सांगायची होती. बाई दोन महिने रोज मरण बघत होती अन् मी तिची थट्टा करत होते.

अर्धं करायला मी कुठं शिकले न्हाई. आमच्या घरात कधी अख्खं आलंच न्हाई, तर दुसरं काय येणार? भाकर अर्धी केली तर दोघी जगतात. मला वाटलं, गोळीचं बी तसंच असंल. मी शाळेत गेले न्हाई, अमीरबी गेली न्हाई, अन् तो जंतू शिकतो म्हणतेस. हे लई वाईट झालं.

आज सकाळी भागवतच्या गाडीवर बसून सेनगावला गेले. डॉक्टरला सगळं सांगितलं. तो चिडला न्हाई. त्यानं चष्मा काढून पुसला, ते मला जास्त लागलं. म्हणला, त्या तपासणीचा निकाल अजून यायचा आहे. औषध चालत नसंल तर दुसरं औषध, लांबचं अन् जड. बेबीबाई दारात उभी होती. तिला म्हणले, 'तुझी पाकिटं बराबर होती, मीच खोटी.' ती म्हणली, 'आजी, आता पाकिटं न्हाई मोजणार. तोंड उघडून जीभ दाखवायची.'

तर मी रोज सकाळी नातसुनेला जीभ दाखवते. तिला किती वर्षांची हौस होती कुणास ठाव.

अमीरबीच्या निकालाची वाट बघते. तिला सांग, सम-विषम सगळं बंद.

तुझी आजी,
नर्मदा


जवळा बाजार,
ता. २० नोव्हेंबर २०२४

नर्मदे,

मी तुझ्यावर रागावले न्हाई. तू भाकर दिलीस तेव्हा बी कधी विचारलं न्हाई की शिळी आहे का.

मला टीबी आहे. औषध चालतं म्हणले. आता माझ्या नावाच्या गोळ्या आल्या, अख्ख्या. आठ दिवस झाले. लाल पाणी बघून आता मी हसते. चाँद पाशा अन् नाहिद, दोघांची तपासणी केली, दोघं साफ आहेत.

पण गल्लीला काही ठाव न्हाई. गोळी मी बांगड्यांच्या पेट्यांकडं तोंड करून घेते. दवाखान्याची बाई चौकशीला आली, तर शेजारणीला सांगितलं आधारकार्डाचं काम आहे. ती बाई म्हणते, आजूबाजूला कुणी खोकतं का ते बघायचंय. मी म्हणलं, लग्न होऊ दे, मग बघ.

नोमानची आई रविवारी, आठ डिसेंबरला येणार आहे. आता मला लग्नाची घाई न्हाई, पण शब्द मीच दिला. नाहिद म्हणते, 'परीक्षेनंतर करा, अन् त्यांना टीबीचं सांगा. न्हाई सांगितलं तर मी पाहुण्यांपुढं येणार न्हाई.' मी म्हणते, सांगितलं तर ते येणार न्हाईत. चाँद पाशा आमच्या दोघींच्या मधे बसून बांगड्या पुसतो.

तू मला एक पत्र पाठव. नोमानच्या आईपुढं वाचता येईल असं. लिही, की अमीरबी, तुझा धुळीचा खोकला बरा झाला हे ऐकून आनंद वाटला. एवढं माझ्यासाठी कर. नाहिदचं घर आहे यात.

तुझी
अमीरबी

नर्मदा आजी, हे मी लिहिले कारण ते दादीचे पत्र आहे. तुम्ही काय पाठवायचे ते तुम्ही ठरवा. — नाहिद


साखरा,
ता. १ डिसेंबर २०२४

अमीरबी,

हे पत्र रविवारी पाहुणे बसल्यावर फोडायचं. नाहिद, बेटी, तू दारात उभी राहा. दादीच्या कानाला तोंड लाव, पण आवाज असा लाव की कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जाईल. पुनमनं इथं खाली रेघ मारलीय.

गल्लीतल्या आयाबायांनो, नमस्कार. तुम्ही माझी पत्रं आवडीनं ऐकता. आज उंबऱ्यावर नीट बसा.

मी साखऱ्याची नर्मदा. मला टीबी आहे. अमीरबीला बी टीबी आहे. धुळीचा खोकला न्हाई, आधारकार्डाची बाई न्हाई. अमीरबी, डोळे मिटून घेऊ नको, पुढं ऐक.

टीबी कुणाच्या पापानं होत न्हाई. एका खोलीत दाटीनं झोपलं, पोटात कमी गेलं, खिडकी लावून घेतली, की होतो. आम्ही दोघी ईदीला एका वाकळेत खोकलो. कुणाचा कुणाला लागला हे अल्लाला अन् महादेवाला ठाव, अन् ते दोघं सांगत न्हाईत.

गोळ्या सहा महिने. फुकट. गोळीनं लघवी लाल होते. ऐकलं का? लाल होते अन् त्यात भिण्यासारखं काही न्हाई. हे एक वाक्य मी लाजून सांगितलं न्हाई, म्हणून ही बाई दोन महिने मरणाची तयारी करत होती अन् ही पोरगी कॉलेज सोडणार होती. म्हणून आज मोठ्यानं सांगते.

दुसरी चूक. माझ्या गोळ्यातल्या अर्ध्या मी हिला पाठवल्या. कुणी तसं करायचं न्हाई. भाकर वाटा, चटणी वाटा, नवऱ्याच्या कागाळ्या वाटा. गोळी ज्याची त्यानं अख्खी खायची. यात अमीरबीचा कसूर न्हाई. अर्धं करायची खोड माझी.

माझ्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टर म्हणला, जंतूवर औषध अजून चालतं. म्हणजे तो बी माझ्यासारखाच ढ निघाला, दोन महिन्यात त्याला एक अक्षर आलं न्हाई. नशिबानं वाचले, शहाणपणानं न्हाई. आता पहिल्यापासून सहा महिने.

नोमानच्या आई, तुम्ही तिथं असाल तर चहा घ्या, थंड होईल. मी तुम्हाला ओळखत न्हाई. तुमच्याकडून शब्द घ्यावा एवढी माझी ऐपत न्हाई. एवढंच सांगते, ह्या पोरीनं आजीला हाताला धरून दवाखान्यात नेलं, अन् माझ्यासारख्या म्हातारीला पत्रातून झापलं. खोटं सांगून तिला तुमच्या घरात धाडली असती, तर सहा महिन्यांनी ती तुमच्या तोंडावर खरं बोलली असती. तिला परीक्षा देऊ द्या. मग तुमचं तुम्ही ठरवा.

अमीरबी, तू मागितलंस ते पत्र मी पाठवलं न्हाई. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुला न्हाई म्हणले. आता माझ्याशी बोलायचं का न्हाई ते तू ठरव. पण गोळी घेऊन ठरव.

तुझी
नर्मदा


जवळा बाजार,
ता. २२ डिसेंबर २०२४

नर्मदे,

चौदा दिवस मी तुझ्याशी बोलले न्हाई. तुला कळलं बी नसंल, कारण चाँद पाशा बाजाराला येतच होता.

नाहिदनं वाचलं. आवाज असा की मला कानाला हात लावावा लागला. मी डोळे मिटले न्हाईत. नोमानच्या आईनं पूर्ण ऐकलं, कप खाली ठेवला, सलाम केला अन् गेली. चहा प्याली का न्हाई ते मी बघितलं न्हाई. परत निरोप न्हाई. गल्लीतल्या सगळ्या उठल्या, पदर झटकले, घरोघर गेल्या. मला वाटलं, संपलं.

सांजच्याला समोरच्या घरची शिंपीण आली. म्हणली, 'खाला, आमच्या ओळखीतल्या एकाला तीन महिने खोकला आहे. ती डबी कुठं मिळते?' तो ओळखीतला समोरच्या खोलीत खोकत होता, मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. तिची बी ओळखीतलीच. मग दवाखान्याच्या बाईला मीच बोलावलं अन् बांगड्यांच्या पेटीवर बसवलं. पाच डब्या गेल्या गल्लीतून. दोघांना टीबी निघाला.

आता मी दारात बसून गोळी घेते. पोरं मोजतात, एक, दोन, तीन.

नाहिद सकाळच्या एस.टी.नं जाते. काल बाजाराला नोमान आला होता, कुणाची तरी मोटार पोचवायला. दारापर्यंत आला, डझनभर अंडी उंबऱ्यावर ठेवली. म्हणला, 'दादीसाठी, डॉक्टर अंडी खायला सांगतात ना.' आत आला न्हाई. नाहिदनं विचारलं, आईला ठाव आहे का? तो म्हणला, 'कोंबड्या आईच्याच आहेत.' याचा अर्थ काय लावायचा ते तू सांग.

चाँद पाशासंगं चार बांगड्या पाठवल्या, अडीचच्या. तुझ्या हातात आत्ता राहणार न्हाईत, गळून पडतील. खुंटीला अडकवून ठेव. महिन्याला एकदा घालून बघ. मी बी माझ्या घरी चार अडकवल्यात.

अर्ध्या न्हाईत. तुला चार, मला चार.

तुझी
अमीरबी


साखरा,
ता. ३० मे २०२५

अमीरबी,

परवा दिवशी गोळ्या संपल्या. शेवटची डबी साफ निघाली. वजन एक्केचाळीस. बेबीबाईनं काट्यावर दोनदा उभी केली, तिला वाटलं मी पदरात दगड घेतलेत. विश्वास गेला की जातो, तिचं चूक न्हाई.

पुनमनं काल विशूला माझ्या मांडीवर बसवलं. दहा महिने लांबून टाळ्या वाजवत होता, जवळ आल्यावर मला बघून रडला. मग बांगड्यांशी खेळत बसला. व्हय, घातल्यात. कोपराकडं जरा सरकतात, पण हात खाली सोडला तर गळत न्हाईत. विधवेनं एवढ्या बांगड्या घालाव्या का, असं शेजारीण म्हणली. मी म्हणले, ह्या बांगड्या न्हाईत, वजनाचा काटा आहे.

नाहिदचा पेपर चांगला गेला हे ऐकलं. अंडी अजून येतात का? येत असतील तर अर्थ लावू नको, खा.

बकरीदीला मी येऊन राहिले. भागवत सेनगावपर्यंत सोडंल, पुढं एस.टी. आहे. तुझ्या गोळ्या तर माझ्या आधीच संपल्या, पण तुझ्या हाताला अडीचची बसते का ते मी स्वतः बघणार, पत्रावर विश्वास न्हाई.

भाकरी चार टाक, दोन तुला, दोन मला. मोडायची न्हाई. वाकळ मात्र एकच काढ. ती वाटून घेतली तर चालतं, डॉक्टरला विचारून ठेवलंय.

तुझी
नर्मदा